मिसरीची डबी आणि पोटातलं लेकरू

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा हा मजकूर. बोलताना आमच्या हातात कागद नव्हता. समितीने स्मरणिकेसाठी आग्रह धरला म्हणून आठवेल तसे लिहून दिले आहे.)



दरवर्षी वर्धापनदिनाला आम्हाला उभे करतात ते शिक्षणावर बोलायला, नाहीतर दारूबंदीवर. आमचे ते भाषण तुम्हा सर्वांना पाठ झाले असेल. यंदा समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘गरोदर बाई आणि तंबाखू.’ बैठकीत घटकाभर कोणी बोलेना. मग एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ‘काका, आपल्या अहमदपुरात कोणती बाई पोटुशी असताना सिगारेट ओढती? हा विषय मुंबई-पुण्याकडचा हाय.’

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. २०१६-१७ साली केंद्र सरकारने तंबाखूची मोठी पाहणी केली. त्यात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाया शंभरात दीडसुद्धा भरल्या नाहीत. पण न ओढता खाणाऱ्या, लावणाऱ्या, दाढेत धरणाऱ्या बाया शंभरात सोळा-सतरा निघाल्या. म्हणजे आपल्याकडची बाई तंबाखू ओढत नाही, ती लावते. आणि लावते त्याला ती तंबाखू म्हणतच नाही. ती म्हणते मिसरी. कोणी मशेरी म्हणते, कोणी मिश्री. तव्यावर पान काळं होईपर्यंत भाजायचं, कुस्करून बारीक करायचं, डबीत भरायचं आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातावर, हिरडीवर घासायचं. सुरुवातीला दोनदा. मग जेवण झालं की एकदा, काम झालं की एकदा, बसलं की एकदा.

आरोग्य केंद्रात नोंद करताना कोणी विचारलं, ‘बाई, तंबाखूचं काही व्यसन?’ तर ती सरळ सांगते, ‘नाही.’ ती खोटं बोलत नाही. तिच्या लेखी मिसरी हे दातवण आहे. लिहिणारा पुढच्या रकान्याकडे वळतो. या एका प्रश्नोत्तरात किती लेकरांचा हिशेब बुडत असेल, सांगता येणार नाही.

आता आम्ही हे बोलणारे कोण? आम्ही डॉक्टर नाही. शाळा आठवीत सुटली. सूतगिरणीत रिंग खात्यात उभं राहून आयुष्य गेलं. जे काही वाचलं ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकातनं आणि दवाखान्याच्या भिंतीवरच्या पत्रकातनं. पण या विषयावर बोलायचा आमचा एक हक्क आहे, आणि तो आम्ही आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहोत.

१९९५ साली आम्हाला पहिली मुलगी झाली. साडेसात महिन्यांची झाली. हाताच्या तळव्यात मावेल एवढी. अकरा दिवस राहिली आणि गेली. तेव्हा गल्लीत कोणी म्हटलं नजर लागली, कोणी म्हटलं बाईच कमजोर. आम्ही कार्यकर्ते माणूस, नजर-बिजर मानत नव्हतो. मग आम्ही काय मानलं? ‘गरिबी’ म्हणालो आणि गप्प बसलो. त्या वेळी आमची पत्नी दिवसातनं चार-पाच वेळा मिसरी लावायची. आणि ती तंबाखू आणून कोण द्यायचं? आम्हीच. दर आठवड्याच्या बाजारात भाजीच्या पिशवीत तंबाखूच्या पानाची पुडी असायची. आठवणीनं आणायचो. विसरलो तर घरात आई आणि पत्नी दोघींची तोंडं उतरायची, म्हणून विसरायचो नाही. दारूच्या दुकानासमोर घोषणा देऊन घरी यायचो, तेव्हा पिशवीत ती पुडी असायची.

आमची मुलगी मिसरीनंच गेली असं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. अपुऱ्या दिवसांची लेकरं होण्याची कारणं अनेक असतात. पण पुष्कळ वर्षांनी एका आरोग्य शिबिरात एका नर्सताईनं पत्नीला विचारलं, ‘मावशी, पहिल्या वेळी मिसरी लावत होता का?’ आणि त्या बाईनं आमच्याकडं जे बघितलं, ते आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून हा विषय आम्ही वाचायला लागलो.

आधी काय होतं ते सांगतो, मग का होतं ते.

तंबाखूत निकोटीन नावाचं द्रव्य असतं. हिरडीला लावलं तरी ते रक्तात उतरतं. धूर लागतोच असं नाही. निकोटीननं रक्ताच्या नळ्या आवळतात. बाळाला आईकडून जे काही मिळतं ते वारेतनं मिळतं. नळ्या आवळल्या की वारेला रक्त कमी, बाळाला अन्न कमी, प्राणवायू कमी. शेतात पाटाच्या तोंडाला दगड ठेवला की शेवटच्या वाफ्याला काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय निकोटीन स्वतः वार ओलांडून बाळात जातं. बिडीचा धूर असेल तर त्यात आणखी एक विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. रक्तात प्राणवायूची जी जागा असते ती हा वायू अडवून बसतो. आणि धूर बायकोनंच ओढला पाहिजे असं नाही. नवऱ्यानं खोलीत बसून ओढलेल्या बिडीचा धूर तिच्या छातीत जातोच.

परिणाम काय? लेकरू दिवस भरायच्या आत होतं. वजनाला कमी भरतं. काही वेळा पोटातच जातं. जगलेलं कमी वजनाचं लेकरू लवकर गार पडतं, नीट ओढून पीत नाही, त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो. परदेशात ही गोष्ट सिगारेटवरून उघड झाली. १९५७ साली अमेरिकेत सिम्पसन नावाच्या संशोधकानं दाखवलं, की सिगारेट ओढणाऱ्या आयांची लेकरं जास्त प्रमाणात अपुरी जन्मतात. तिकडं पुढं शेकडो अभ्यास झाले. पण आपल्या मिसरीचं काय? ती भाजलेली, ती दाताची, ती ‘औषधी’. तिचा हिशेब कोण करणार?

तो मुंबईत झाला. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी मुंबईतल्या साध्या वस्त्यांत घरोघर जाऊन १२१७ गरोदर बायांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्यातल्या शंभरात सतरा बाया बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांत मिसरीवाल्याच जास्त. २००४ साली निष्कर्ष छापून आला. इतर कारणांचा हिशेब वेगळा काढूनसुद्धा तंबाखू वापरणाऱ्या बायांची लेकरं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. त्याच मुंबईच्या अभ्यासातून पुढं २००६ साली असंही मांडलं गेलं, की पोटात लेकरू दगावण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्या बायांत अडीच पटीच्या वर आहे.

कोणी म्हणेल, १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठं? चहापत्तीचा लहान पुडा. बरोबर आहे. सव्वातीन किलोच्या लेकराचे शंभर ग्रॅम गेले तर त्याचं काही बिघडत नाही. पण आपल्या गल्लीतली लेकरं सव्वातीन किलोची होतात का? अडीच किलोच्या आत वजन असलं की कमी वजनाचं बाळ म्हणतात. आपली कितीतरी लेकरं त्या अडीचच्या काठावर उभी असतात. काठावर उभ्या असलेल्याला नुसता धक्का पुरतो. आणि हे १०५ सरासरीचे आहेत बरं का. एखादीचं वीस ग्रॅम जाईल, एखादीचं तीनशे.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. एवढं नुकसान आहे तर बाई सोडत का नाही? उलट पोटुशी राहिल्यावर काही जणींची मिसरी वाढते, ती का?

आम्ही आणि महिला मंडळाच्या दोन ताया, असे तिघं जण गेल्या पावसाळ्यात घरोघर बसलो. उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकायचं, असं ठरवून गेलो. आम्हाला वाटत होतं बाया म्हणतील, ‘सवय हाय.’ सवय आहेच. पण त्यांनी जे सांगितलं त्यात सवयीपेक्षा पुष्कळ काही होतं.

पहिली गोष्ट पोटाची. एक सून, विशीच्या आतबाहेरची, मान खाली घालून म्हणाली, ‘मामा, लाज वाटती सांगाया. मिसरी लावल्याबिगर परसाकडंच होत न्हाई.’ तिच्या बोलण्यात तथ्य आहे. निकोटीननं आतडी हलतात, हे डॉक्टरही सांगतात. आणि गरोदरपणात पोट जड होणं हे पुष्कळ बायांना असतं. त्यात भर म्हणजे दवाखान्यातनं रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या गोळ्यांनी काहींचं पोट आणखी घट्ट होतं. मग बाई काय करते? गोळी फेकते, किंवा मिसरी वाढवते. बहुतेक वेळा दोन्ही करते. म्हणजे रक्त वाढवायची गोळी उकिरड्यावर आणि बाळाचं रक्त अडवणारी भुकटी तोंडात. आणि असं होऊ शकतं हे गोळी देताना कोणी तिला सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट हिरडीची. पोटुशी बाईच्या हिरड्या सुजतात, लावल्या बोटाला रक्त येतं. हे अंगातल्या बदलानं होतं. मिसरीनं हिरडी बधिर होते, ठणका थांबतो. बाईला वाटतं गुण आला. तिसरी गोष्ट मळमळीची. तोंडाला पाणी सुटतं, अन्नाचा वास नको होतो, तेव्हा ती कडसर चव बरी वाटते. हे बघा, पोट, हिरडी आणि मळमळ. गरोदरपणाची तीन साधी दुखणी, आणि तिन्ही दुखण्यांवर घरात एकच औषध, तेही फुकट, सासूच्या डबीत. आम्ही पुरुष म्हणतो बाईला नाद आहे. तिच्या बाजूनं बघितलं तर ती औषध घेते आहे.

चौथी गोष्ट आहे भूक, आणि इथं आम्ही थोडा वेळ थांबणार आहोत.

निकोटीननं भूक मरते. हे आम्हाला पुस्तकानं शिकवलं नाही. आम्ही स्वतः गिरणीत वीस वर्षं तंबाखू खाल्ली. गिरणीत बिडी चालत नाही. कापसाचे तंतू हवेत उडत असतात, एक ठिणगी पडली तर खातंच्या खातं पेटेल. म्हणून फाटकावर खिसे तपासून काडेपेटी काढून घ्यायचे. पण तंबाखूची पुडी कोणी काढून घेत नसे. त्यामुळं बाहेर बिडी ओढणारा गडीही आत आला की दाढेखाली धरायचा. कापसाच्या धुळीनं घसा सुकतो, तंबाखूनं लाळ सुटते. तिसऱ्या पाळीला पहाटे तीन वाजता पोटात कावळे ओरडतात, चिमूट धरली की गप्प बसतात. हे आमचं झालं. वाइंडिंगला काम करणाऱ्या बायांचं हेच. आणि रानात खुरपायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचं तर यापेक्षा वाईट. आपल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली जोडपी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत बाई सातव्या महिन्यातही मोळी उचलते. पहाटे उठायचं, कालची भाकर असली तर असली. त्या बाईनं तोंडात बोट घातलं तर ते भुकेला गप्प करायला घातलं. पण तिची भूक तिच्या एकटीची नसते. आतल्या जिवाची भूकही ती त्याच चिमटीनं दाबत असते.

इथं बाबासाहेबांची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती फार कमी सांगितली जाते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक चर्चेला होतं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनं सोसला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढं १९६१ चा देशभराचा कायदा आला, २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. पण ही रजा मस्टरवर नाव असणाऱ्या बाईला. कोयत्याला मस्टर नाही, खुरप्याला मस्टर नाही. पहिल्या वेळच्या बाईला मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात, ते जरूर घ्यावेत, कागदपत्रं आम्ही भरून देऊ. पण पाच हजारांत उचल फिटत नाही, हेही खरं आहे. बाईनं तंबाखू सोडावी असं म्हणणाऱ्यानं आधी तिच्या सकाळच्या भाकरीची चौकशी करावी.

पाचवी गोष्ट म्हणजे घर. मिसरी कोणी दुकानात जाऊन शिकत नाही. नवी नवरी येते सतरा-अठरा वर्षांची, कधी त्याच्याही आत, कायदा काहीही म्हणो. दुपारी सासू, जावा, शेजारणी ओसरीवर बसतात. डबी फिरते. ‘घे गं, दात घट्ट राहत्यात.’ नाही म्हणणारी पोरगी आगाऊ ठरते. घेतली की ती त्या बैठकीची झाली. ज्या घरात दिवसभर तिच्याशी कोणी बोलत नाही, त्या घरात मायेचा तेवढाच एक तुकडा तिच्या वाट्याला येतो, आणि तो डबीतनं येतो. ही डबी तिच्याकडनं काढून घ्यायची असेल तर त्या बदल्यात काय देणार, हे आम्ही आज सासवांनाच विचारतो. रागावू नका. (सभेत इथं मागच्या बाजूनं एक आजी म्हणाल्या, ‘आमाला कुनी काय दिलतं?’ आम्हाला उत्तर देता आलं नाही.)

आणखी एक समज ऐकायला मिळाला. ‘मिसरीनं लेकरू बारीक ऱ्हातंय, मग सुटका लवकर हुती.’ हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. म्हणजे लेकरू बारीक होतं हे बायांना माहीत आहे! संशोधकांनी २००४ साली जे छापलं ते आमच्या आज्यांना आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते फायद्याच्या बाजूला लिहून ठेवलं. आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? ज्या काळी अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून न्यावं लागे आणि वाटेत ती जाई, त्या काळी बारीक लेकराची इच्छा धरणं ही जीव वाचवायचीच धडपड होती. आज १०८ ला फोन केला तर गाडी येते. काळ बदलला, समज तसाच राहिला.

‘आजीच्या आजीपासून चालत आलंय’ असंही सांगतात. तर तंबाखू आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतातून चारशेच्या वर वर्षांपूर्वी ती आपल्या मुलखात आली. जी गोष्ट आली ती जाऊही शकते.

आता बंधूंनो, तुमच्याकडं वळतो. आतापर्यंत तुम्ही माना डोलवत होता.

परदेशातल्या अभ्यासांत वारंवार आढळलं, की ज्या गरोदर बाईचा नवरा सिगारेट ओढतो तिला ती सोडणं फार जड जातं, आणि सोडली तरी बाळंतपणानंतर ती पुन्हा धरते. गरिबी, कमी शिक्षण, लहान वय, मनावरचं ओझं ही बाकीची कारणंही तिथं तीच सापडली, जी आम्हाला आपल्या ओसरीवर सापडली. मुलूख वेगळा, बाई तीच. आमच्या घरात तंबाखू आम्ही आणत होतो. तुमच्या घरात कोण आणतं? बायको गरोदर आहे आणि तुम्ही दाराच्या आत बिडी ओढता, किंवा तिच्यासमोर तळहातावर तंबाखू मळता आणि तिला म्हणता, ‘तू सोड.’ ती कशी सोडेल? आम्ही वीस वर्षांची तंबाखू सोडली तेव्हा पहिले आठ-दहा दिवस डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची, मशीनवर धागा तुटला की मशीनलाच शिव्या द्यायचो. तरी आमच्या पोटात लेकरू नव्हतं, आणि धुणं-भांडी आमच्या वाट्याला नव्हती.

एक विद्वान गृहस्थ आम्हाला म्हणाले, ‘पंचशीलात मद्य सांगितलंय, तंबाखू कुठं सांगितली?’ आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. पाचव्या शीलाचा अर्थ भन्तेजी आमच्यापेक्षा चांगला सांगतील. आम्ही एवढंच म्हणालो, की पहिलं शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचं आहे, आणि आईच्या पोटातला जीव त्यात धरायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. ते चहा न घेताच गेले.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. १९९२ साली दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी झाली. २००३ साली तंबाखूचा कायदा झाला. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, आणि तरी टपरीवर काय मिळतं ते तुम्ही जाणता. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीवर कोणता इन्स्पेक्टर धाड घालणार? तो तवा आपला आपणच उतरवला पाहिजे.

कसा, तेही सांगतो. डॉक्टरांना आणि नर्सताईंना विचारून जे कळलं तेवढंच सांगतो.

पोटासाठी पाणी जास्त, पालेभाजी, पेरू, मोड आलेली कडधान्यं, आणि सकाळी थोडं चालणं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. गोळीनं पोट घट्ट झालं तर ती फेकू नये, आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगावं, ते वेळ किंवा गोळी बदलून देतात. शौचाला काळपट होतं, त्याला भ्यायचं कारण नाही. हिरडीसाठी मऊ ब्रश आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. मळमळीसाठी एकदम पोटभर न खाता थोडं थोडं, उठल्याबरोबर कोरड्या भाकरीचा तुकडा. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, आवळा. चिडचिड, डोकेदुखी पहिले दोन आठवडे होते, पुढं ओसरते. त्या दोन आठवड्यांत घरच्यांनी तिचं एखादं काम उचलावं आणि तोंड बंद ठेवावं. तंबाखू सोडायच्या गोळ्या किंवा पट्ट्या गरोदर बाईनं आपल्या मनानं घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारचा १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

‘आता सहावा लागला, आता सोडून काय उपयोग?’ असं एकीनं विचारलं. उपयोग आहे. जितकी लवकर सुटेल तितकं चांगलं, पहिल्या तीन-चार महिन्यांत सुटली तर फार चांगलं. पण पोटातल्या लेकराचं वजन शेवटच्या तीन महिन्यांतच झपाट्यानं वाढतं, म्हणून सातव्यात सोडलेलीही वाया जात नाही. आणि बाळंतपणानंतर पुन्हा धरायची नाही, कारण निकोटीन दुधातनंही उतरतं.

आता शेवटी आमच्या घरचं. सुनेची परवानगी घेऊन सांगतो.

आमची सून गरोदर आहे. दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी आम्ही बाजारातनं तंबाखू आणणं बंद केलं. आमची आई ऐंशीच्या पुढची. तिनं दोन दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘म्या सात जल्माला घातले मिसरी लावूनच, मला नको शिकवू.’ आमच्या तोंडून निघून गेलं, ‘माय, सात जल्मले, राहिले किती?’ राहिले चार. आई काही बोलली नाही. उठून आत गेली. आम्हाला वाटलं, हे विचारायला नको होतं. कार्यकर्ता झालो म्हणून आईला असं बोलायचं नसतं.

आईची मिसरी सुटलेली नाही. या वयात तिची सुटेल असं आम्हाला वाटतही नाही, आणि तिचा आम्ही छळ करणार नाही. पण तिनं आपल्या मनानं एक केलं. भाजायचा तवा स्वयंपाकघरातनं नेऊन मागच्या अंगणात ठेवला. आणि डबी आता कनवटीला असते, ओसरीवर फिरत नाही. सून जवळ येऊन बसली की आई डबी काढत नाही. सुनेनं दोनदा शेजारून मागून लावली, ते तिनं स्वतः आमच्या पत्नीला सांगितलं. पत्नी तिला रागावली नाही. १९९५ सालची गोष्ट तिनं सुनेला सांगितली, जी इतकी वर्षं घरात कोणी काढली नव्हती. त्या रात्री दोघी उशिरापर्यंत बोलत बसल्या होत्या. आम्ही बाहेर बाजेवर होतो, काय बोलल्या ते आम्हाला ठाऊक नाही. त्यानंतर तीन आठवडे झाले, सुनेनं मिसरी लावलेली नाही. सहावा महिना चालू आहे.

कार्यक्रम संपल्यावर विहाराच्या ओसरीवर आशाताई बसणार आहेत. ज्यांच्या घरी गरोदर लेक-सून आहे त्यांनी तिचं कार्ड घेऊन यावं, आणि मिसरी लावत असेल तर तसं न लाजता सांगावं. त्या कार्डावर लिहून घेतील. सोबत नवऱ्यानं यावं. चपला बाहेर काढताना पुडीही तिथंच ठेवली तर आम्ही बघणार नाही.